शेवटचे कडवे

आमच्या कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी सध्या एका नव्या जातीच्या कलावंताचे नाव फार आहे. त्याला ती 'इंडिपेंडंट सिंगर-साँगरायटर' म्हणतात. मी पडलो मराठीचा मास्तर. नवा शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ विचारल्यावाचून राहवत नाही. मुलांनी मोठ्या हौसेने समजावून दिले. हा गडी आपले गाणे आपणच लिहितो, चाल आपणच लावतो आणि म्हणतोही आपणच. कुठल्या बड्या कंपनीचा तो बांधील नसतो. लोकगीताचा बाज उचलायचा, त्याला गिटार आणि ड्रमची जोड द्यायची, की झाले 'फोक रॉक'. अशी आठ-दहा गाणी जमली की त्यांचा 'आल्बम' निघतो, आणि आल्बम निघाला की गड्याची कारकीर्द सुरू झाली असे समजायचे.

मी त्यांना म्हटले, "बाबांनो, असा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. गाणी त्याचीच, चाली त्याने जमवलेल्या, गळाही त्याचाच. आयुष्यभर गावोगाव हिंडून गायला. फक्त त्याचा आल्बम कुठे आहे ते विचारू नका." मुलांना वाटले, सर थट्टा करताहेत. पण थट्टा नव्हती. मी वामनदादा कर्डकांविषयी बोलत होतो.

पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षित घरांत हे नाव काढले, तर "ऐकल्यासारखे वाटते" एवढेच उत्तर मिळेल. त्याच घरांत बॉब डिलन कोण हे विचारावे, तर कॉलेजातला मुलगाच काय, पेन्शनीत निघालेले वडीलही चार गोष्टी सांगतील. याबद्दल कोणाला दोष देण्याचा माझा विचार नाही. कोणाचे नाव कोणाच्या घरापर्यंत कसे पोचते, किंवा का पोचत नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजच्या सदरात त्याचाच मागोवा घ्यावा म्हणतो.

आधी माणसाची ओळख करून देतो. वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावचा. घरची गरिबी. पोटासाठी मुंबई गाठली आणि मिळेल ते काम केले. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग नेहमी सांगतात. एका माणसाने त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. तरणाताठा वामन, अंगावर नीटनेटके कपडे, पण पत्रातले एक अक्षर वाचता येईना. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. शिवडीच्या चाळीतल्या देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना मुळाक्षरे शिकवली. पुढची उजळणी त्यांनी रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून केली. आणि हाच माणूस १९४३ साली गाणे लिहू लागला! पहिली रचना म्हणजे एका हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर केलेले विडंबन होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने त्या काळी गाणे हे मोठे साधन मानले होते. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचेच भीमराव कर्डक हे त्या जलशांतले मोठे नाव. आडनाव सारखे असल्यामुळे काही जण या दोघांना एकच समजतात. पण ती माणसे दोन. भीमराव आधीच्या पिढीचे. वामनदादांनी जलशाचा तो सूर घेतला, त्यात कव्वालीचा ठेका मिसळला, कबिराच्या दोह्यातला रोखठोकपणा मिसळला, सिनेमाच्या चाली तर हक्काने वापरल्या. बरोबर पेटी, ढोलक आणि टाळ्या. शुद्ध लोकगीताच्या अभिमान्यांनी यावर नाके मुरडली तर नवल नाही. डिलनने १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार हाती घेतली, तेव्हा त्याच्याही श्रोत्यांपैकी कित्येकांनी हुर्यो केली होती. ज्याला आपले म्हणणे लोकांच्या कानांत घालायचे असते, तो लोकांचे कान ज्या सुराला सरावलेले असतील तो सूर उचलतो. सोवळेओवळे पाळायला त्याला सवड नसते.

त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगितली जाते. ती कोणी एकेक करून मोजली असतील असे नव्हे. पण साठ वर्षे जो माणूस रोज गाणे जगला, त्याच्या बाबतीत हा आकडा ऐकून कोणी दचकत नाही. पुस्तकरूपाने मात्र यातले फार थोडे आले, आणि तेही उशिरा. 'वाटचाल' हा संग्रह निघाला १९७३ मध्ये, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. मग 'मोहळ' १९७६ मध्ये, 'हे गीत वामनाचे' १९७७ मध्ये, आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ मध्ये. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. माझ्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर, साठ वर्षांची कारकीर्द आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके 'आल्बम', तेही कागदी.

मग उरलेली हजारो गाणी होती कुठे? ती होती लोकांच्या वह्यांत आणि लोकांच्या तोंडी. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. पण आमच्याकडच्या गावांत ती एका दिवसात उरकत नाही. आज या गावी, उद्या त्या गावी, अशी मेअखेरपर्यंत चालते. हाच गायकांचा हंगाम. रात्री जेवणे आटोपली की मंडप भरायचा. गायक एकेक कडवे रंगवून म्हणायचा, मधेच कोणी उठून बक्षीस द्यायचा, आणि "अमक्या अमक्यांकडून अकरा रुपये बक्षीस" असा पुकारा लाउडस्पीकरवरून व्हायचा. पोरे पुढे बसून वहीत गाणे उतरवून घ्यायची. ज्यांना लिहिता येत नव्हते ती माणसे पाठ करायची. सकाळी गाणारा पुढच्या गावाला गेलेला असायचा. गाणे मात्र गावात मुक्काम ठोकून राहायचे.

आता इथे एक अडचण उभी राहते. गाणे राहिले, गाणाऱ्याचे नाव राहायचे कसे? छापील पुस्तकाला मुखपृष्ठ असते, त्यावर नाव असते. पाठ केलेल्या गाण्याला मुखपृष्ठ कुठले? वामनदादांनी यावर जो तोडगा वापरला, तो आपल्या संतांनी शतकांपूर्वीच काढून ठेवलेला होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी स्वतःचे नाव गुंफले. कित्येक गाण्यांच्या अखेरीस 'वामन' येतो, आणि तो असा येतो की त्याला काढले तर ओळच ढासळते, यमक लंगडे पडते.

आमच्या शास्त्रात याला मुद्रा म्हणतात. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे', 'एका जनार्दनी' हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ऐकून ऐकून ते आपल्याला केवळ भक्तीचा एक रिवाज वाटू लागले आहे. पण त्यात व्यवहाराचे शहाणपण केवढे आहे पाहा. छापखाना नाही, पोथी महाग, गाणे चालले आहे तोंडातोंडी. अशा वेळी कवीने आपली सही कुठे करायची? गाण्याच्या पोटातच करायची! चोखोबांनी ती केली, जनाबाईंनी ती केली, आणि सोयराबाईंनी तर 'चोखियाची महारी' अशी सही करून आपली जात, आपला नवरा आणि आपले कवीपण या तिन्ही गोष्टी एका दमात सांगून टाकल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवले होते त्यांचीही नावे सात शतके टिकली, ती या शेवटच्या कडव्याच्या आधाराने. शाहिरांनी हीच रीत पुढे चालवली. होनाजी आणि बाळा हे एक लिहिणारा आणि एक गाणारा, दोन वेगळे गृहस्थ; मुद्रेत दोघांचा असा जोड झाला की पुष्कळांना तो एकच माणूस वाटतो. पठ्ठे बापूरावांचे खरे नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते नाव आज अभ्यासकांना ठाऊक, पण मुद्रेतले नाव सगळ्या महाराष्ट्राला.

मुद्रेनेही फसगत होते, हे मान्य केले पाहिजे. 'तुका म्हणे' लावून पुढच्या कोणीतरी रचलेले अभंग गाथेत शिरले. विष्णुदास नामा नावाच्या नंतरच्या कवीची कविता नामदेवांच्या नावावर जमा झाली. पण ही गल्लत नावाच्या जास्तीची आहे. नाव अजिबात नसण्यापेक्षा ती बरी.

मौज अशी, की यंत्राचे युग आले तेव्हा त्या यंत्रालाही प्रथम मुद्रेचीच गरज भासली. १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या सुरुवातीच्या तबकड्यांत गाणे संपताच बाई इंग्रजीतून आपले नाव पुकारतात. कारण असे की तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला हिंदुस्थानी गाणे कुठून कळणार? लेबल कोणाचे लावायचे ते समजावे, म्हणून नाव ध्वनीतच ठेवावे लागले. आमच्या 'तुका म्हणे'चीच ही यांत्रिक बहीण!

पण पुढे यंत्राने मुद्रेवर कात्री चालवली. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसायचे. मंडपात पंधरा मिनिटे रंगणारे गाणे त्यात कसे मावणार? दोन-तीन कडव्यांवर भागवायचे. पुढे कॅसेट आली, तिच्यात जागा वाढली. पण एका कॅसेटमध्ये जितकी जास्त गाणी तितका खप, हा हिशेबही आला. आता मोबाइल आला आहे, आणि त्यावर अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरतात. कात्री लागते ती कुठे? धृपद काढता येत नाही, लोकांना तेच हवे असते. पहिले कडवे काढता येत नाही. मग जाते ते शेवटचे. आणि त्याच्याबरोबर जाते त्यातले नाव.

गेल्या एप्रिलमध्ये मी बीड जिल्ह्यात आमच्या गावी, चकलांब्याला गेलो होतो. गेवराई तालुक्यातले हे गाव. या भागातली हजारो माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जयंतीच्या सुमारास गाव पुन्हा भरलेले असते. मंडपात मोठमोठे स्पीकर लावलेले होते आणि वामनदादांचे एक गाणे वाजत होते. नव्या गळ्यातून, नव्या वाद्यांसह. ठेका असा की म्हाताऱ्याचाही पाय हलावा. मी शेजारच्या पोराला विचारले, "हे गाणे कोणाचे रे?" त्याने चटकन गायकाचे नाव सांगितले. दुसऱ्याने दुरुस्ती केली आणि दुसऱ्याच एका गायकाचे नाव घेतले. मोबाइल बाहेर निघाले, दोघांचीही बाजू खरी ठरली. गाणे दोघांनीही म्हटलेले होते. लिहिणाऱ्याचे नाव दोन्हीकडे नव्हते.

जवळच एक आजोबा बसले होते. वीस-पंचवीस हंगाम कोयता चालवलेले हात. ते म्हणाले, "भांडता कशाला? नाव हाय की त्याच्यात. गाणं पुरं तर म्हणा." आणि त्यांनी हलक्या आवाजात गाण्याचे शेवटचे कडवे म्हटले. स्पीकरवरच्या गाण्यात ते कडवे नव्हतेच. मी विचारले, "तुम्ही कुठे वाचलेत, आजोबा?" ते हसले. म्हणाले, "वाचता कुठं येतंय आमाला, सर? गाण्यातच नाव असायचं. मग इसरायचं कसं?"

यावर माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "लोकगीताला कर्ता नसतोच. गाणे लोकांचे झाले की कवीचे नाव गळून पडावे, यातच त्याचा मोठेपणा. जात्यावरच्या ओव्या कोणी लिहिल्या हे कोणाला ठाऊक आहे?" वरवर पाहता म्हणणे सुंदर आहे. पण जात्यावरच्या ओव्यांचेच उदाहरण घेऊ. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली ही मंडळी आमच्याच जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात आली आणि तिथल्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित करून घेतल्या. त्यांनी काय केले? ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव लिहून ठेवले, गाव लिहून ठेवले. ओवीचा कर्ता सापडत नसेल, पण ती जिवंत ठेवणारी बाई तर समोर बसली आहे, तिचे नाव का सोडायचे, ही त्यामागची दृष्टी. नाव गळून पडणे आणि नाव गाळणे यांत फरक आहे. जे शेकडो वर्षांत हरवले त्याला इलाज नाही. जो माणूस २००४ पर्यंत आपल्यात होता, ज्याने गाण्यात आपले नाव स्वतःच्या हाताने विणून ठेवले, त्याला आपण 'पारंपरिक' म्हणून मोकळे होणे हे लोकगीतावरचे प्रेम नाही.

आणि मोठेपणाची ही अट आपण सगळ्यांना कुठे लावतो? डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. २०२० च्या डिसेंबरात त्याच्या सहाशेहून अधिक गाण्यांचे हक्क एका जगड्व्याळ कंपनीने विकत घेतले. त्याची गाणीही लोकांची झालेली आहेत. देशोदेशींची मुले ती गातात. म्हणून त्याचे नाव गळून पडावे असे कोणी म्हणाले नाही. आपला कायदाही तसे म्हणत नाही. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. त्या हिशेबाने वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर गाणे लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तजवीज केली. पैशाखेरीज, ही रचना माझी आहे असे म्हणण्याचा हक्क कायद्याने वेगळा सांगितला आहे. हक्क आहेत सगळे. पण मंडपात कायद्याचे पुस्तक कोणी वाचत नाही. तिथे कवीचा वकील एकच, ते शेवटचे कडवे.

आता थोडे आपल्या घराकडे वळतो. येत्या चार दिवसांत शहरोशहरी 'दिवाळी पहाट'चे कार्यक्रम होतील. नव्या साड्या, उटण्याचा वास, आणि रंगमंचावर एक निवेदक. प्रत्येक गाण्याआधी तो सांगेल: गीत ग. दि. माडगूळकरांचे, गीत शांता शेळक्यांचे, गीत सुरेश भटांचे. ही चांगली चाल आपल्याला लावली आकाशवाणीने. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' झाले तेव्हापासून कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे एका श्वासात ऐकायची सवय मराठी घरांना झाली. माडगूळकरांना शेवटच्या ओळीत 'गदिमा म्हणे' लिहावे लागले नाही, कारण त्यांचे नाव घेणारा निवेदक शेजारी उभा होता. ज्याचे नाव दुसरे कोणी घेणार असते, त्याला मुद्रेची गरज पडत नाही. वामनदादांजवळ असा निवेदक नव्हता. बक्षीस देणाऱ्याचे नाव लाउडस्पीकरवर पुकारले जात होते. गाणे देणाऱ्याने आपले नाव आपणच पुकारले.

आज त्या गाण्यांना नवे गळे लाभले आहेत, ही फार आनंदाची गोष्ट आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात आणि मोबाइलने त्यांचा आवाज देशोदेशी नेला. गिटार आणि ड्रम घेऊन तरुण मुलेही पुढे येत आहेत. त्यांनी ठेका बदलावा, चाल बदलावी. वामनदादांनी स्वतः तेच केले होते. माझे मागणे लहान आहे. गाणे म्हणाल तेव्हा पुरे म्हणा. वेळ कमी असेल तर मधले एखादे कडवे गाळा, शेवटचे गाळू नका. आणि पडद्यावर खाली जी नावे येतात त्यांत लिहिणाऱ्याच्या नावाला एक ओळ द्या.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही एक मागणे. यंदा फराळाच्या ताटाबरोबर मुलांनी मोबाइलवर एखादे गाणे लावले आणि ते ऐकून तुमचा पाय हलला, तर त्यांना एवढेच विचारा, "हे लिहिले कोणी?" उत्तर चटकन येणार नाही. मुले शोधाशोध करतील, आपसांत वाद घालतील, कदाचित पुरे गाणे मिळवून ते शेवटपर्यंत ऐकतील. पत्र वाचता आले नाही म्हणून शरमलेल्या एका तरुणाने दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरे गिरवली, आणि मग आपले नाव अशा ठिकाणी लिहून ठेवले की ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळावे. आपल्या घरांत तर सगळ्यांनाच वाचता येते.